विहीर मे महिन्यात पाहावी

2020 च्या टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न वारंवार निघतो. उद्या मोठे संकट आले आणि वीज, पाणी, दुकाने, रस्ते सारेच एकदम बंद पडले, तर कुटुंबाला घेऊन जाऊन निभावता येईल असा तालुका कोणता? लोक त्यासाठी चिकाटीने तक्ते करतात. पाऊस किती मिलिमीटर, जमिनीचा पोत कसा, भूकंपक्षेत्र कोणते, शहर किती लांब आणि गुंठ्याला भाव काय, अशा रकान्यांत मुळशी, भोर, महाड, आजरा, दोडामार्ग हे तालुके शेजारी शेजारी बसवले जातात. त्यावर दुसरी बाजू म्हणते की हे सारे पैसेवाल्यांच्या भीतीचे खूळ आहे आणि गरिबाला असा पर्याय नसल्यामुळे त्याची चर्चाच नको. हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या रस्त्याने चालला आहे असे मला वाटते. तालुका राहण्याजोगा आहे की नाही हे तपासण्यात खूळ काहीच नाही. आपले पूर्वज गाव वसवताना, सोयरीक जुळवताना हेच पाहत आले. चूक आहे ती मापात. एका कुटुंबाला कोणाच्याही मदतीवाचून जगता येईल का, या मापाने तालुका मोजता येत नाही. त्याच्या सर्वांत वाईट दिवशी तिथली माणसे, ग्रामपंचायती, आरोग्य केंद्रे आणि रस्ते कसे उभे राहिले किंवा कसे कोसळले, यावरून तो मोजावा लागतो. तक्त्यांत नेमका हाच रकाना नसतो.

शहर सोडू पाहणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि देशातले सर्वांत श्रीमंत शहर जागच्या जागी थांबले. 12 ऑक्टोबर 2020 ला विजेचे जाळे कोलमडले आणि लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतून सामान हलवायलाही उसंत मिळाली नाही. उंच इमारतीत वीज गेली की पंप बंद पडतो, पंप बंद पडला की टाकी रिकामी होते आणि विसाव्या मजल्यावरच्या घरात दोन दिवसांत राहणे अशक्य होते. इतक्या साध्या साखळीवर आपण आयुष्य टांगून ठेवले आहे. ज्याला याची भीती वाटते त्याची चेष्टा करणे हा युक्तिवाद नव्हे.

मात्र त्या भीतीपोटी जे मोजले जाते ते पाहावे. पहिला रकाना पावसाचा असतो आणि सर्वांत फसवा तोच आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका नातेवाइकासोबत मी भोर तालुक्यात जागा पाहायला गेलो होतो. एजंटने मोबाईलवर ऑगस्टमधली छायाचित्रे दाखवली. त्यांत हिरवे उतार होते, जागेच्या कडेने वाहणारा ओढा होता आणि काठोकाठ भरलेली विहीर होती. प्रत्यक्षात ओढ्यात दगड होते आणि विहिरीच्या तळाशी परातभर पाणी होते. वाडीतली एक बाई दोराला बांधलेला पत्र्याचा डबा खाली सोडत होती, तो तळाला आडवा करून भरत होती आणि वर आलेले गढूळ पाणी फडक्यातून हंड्यात गाळत होती. एक हंडा भरायला तिला अकरा डबे ओढावे लागले. आम्ही जागा घ्यायला आलो आहोत हे कळल्यावर तिने भाव विचारला नाही. ‘‘बोर मारनार का तुमी? किती फूट?’’ एवढेच तिने विचारले.

तिचा प्रश्न भूजलाच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा नेमका होता. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. या कातळात पाणी वाळूत साठते तसे साठत नाही. भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमाच्या थरात जेवढे मावेल तेवढेच राहते. सह्याद्रीच्या उतारावर तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि बराचसा वाहून जातो. कोकणातल्या जांभ्यात पाणी मुरते खरे, पण तितक्याच सहजतेने झिरपून निघूनही जाते. म्हणूनच जिथे जुलैत छत्री टिकत नाही त्या वाड्यांना एप्रिल-मे मध्ये टँकर लागतो. याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला वर्षाकाठी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो आणि ते गाव आपली तहान भागवते. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकापासून त्या गावाने बांधबंदिस्ती केली, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, उसासारख्या पिकांना नकार दिला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून कोणती पिके घ्यायची हे ठरवण्याची सवय लावून घेतली. तिथे पाणी टिकते ते लोकांनी एकमेकांना घातलेल्या मर्यादेमुळे. मग शहरातून आलेला माणूस आपल्या अर्ध्या एकरात पाचशे फुटांचे बोअर मारून, वर सौर पंप बसवून ‘आम्ही पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झालो’ असे म्हणतो तेव्हा नेमके काय घडलेले असते? भेग त्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. त्याच्या टाकीत आलेल्या पाण्यातले काही त्या बाईच्या विहिरीत उतरणारे असू शकते. ही स्वयंपूर्णता शेजाऱ्याच्या पदरातून काढून घेतलेली आहे आणि शेजाऱ्याला ते ठाऊक आहे.

माझ्या या मांडणीवरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. माणसे कितीही चांगली असली तरी डोंगर कोसळतो तेव्हा तो माणुसकी पाहत नाही. त्यामुळे भूगोल आधी आणि समाज नंतर, असे म्हणणारे काही चुकीचे बोलत नाहीत. दरडीखाली घर बांधू नये, पूररेषेत बांधू नये, हे कोणीही मान्य करील. पण नकाशा आपल्याला किती सांगतो? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. आजच्या पद्धतीचा तक्ता त्या वेळी कोणी केला असता तर औसा आणि उमरगा तालुक्यांना त्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण पडले असते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपलेली सुमारे 10,000 माणसे त्या पहाटे गेली. त्यांना मारले ते प्रामुख्याने घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद ही मराठवाड्याच्या उन्हाला पिढ्यांनी शोधलेली उत्तम तोड होती; विजेवाचून गारवा देणारे ते घर आजच्या स्वयंपूर्णतेच्या कल्पनेतही अगदी चपखल बसते. तेच घर अंगावर आले. 2002 मध्ये देशाचा नकाशा सुधारला गेला, तो सर्वांत खालचा वर्गच रद्द झाला आणि लातूरला वरच्या वर्गात टाकण्यात आले. नकाशा उपयोगी असतो, पण तो मागच्या संकटाचा लेखाजोखा असतो. पुढच्या संकटात घर कसे बांधलेले आहे आणि ते तसे बांधायला गवंड्याला कोणी शिकवले आहे का, हे अधिक मोलाचे ठरते.

या दृष्टीने एखादा तालुका नीट पाहायचा तर मी महाड घेईन. तक्त्यावर महाड उत्तम दिसते: भरपूर पाऊस, बारा महिने भाताच्या आणि आंब्याच्या जोडीने काही ना काही देणारी जमीन, सावित्री, गांधारी आणि काळ या नद्या, मुंबई-गोवा महामार्ग, तालुक्याच्या हद्दीत वीर हे कोकण रेल्वेचे स्थानक. आता त्याचे वाईट दिवस पाहू. ज्या पावसाने 2005 च्या जुलैत मुंबई बुडवली, त्याच पावसात या तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दोनशेच्या आसपास माणसे गाडली गेली. मुंबईच्या बातम्यांत ती गावे बरीच मागे पडली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्या इतर वाहनांसह नदीत गेल्या. 22 जुलै 2021 ला महाड शहरात पाणी शिरले आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर उतरला. रस्ते पाण्याखाली होते, मोबाईलचे जाळे बंद होते, आणि बाहेरची बचावपथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. 80 हून अधिक माणसे त्या एका गावात गेली.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग महाड रद्द, पुढचा तालुका पाहू. मला हाच निष्कर्ष उथळ वाटतो, कारण वाईट दिवसांचा हिशेब एवढाच नाही. पूल पडला त्या रात्री धोका ओळखून येणाऱ्या गाड्या थांबवण्याची धडपड प्रथम केली ती पुलाशेजारच्या गॅरेजमधल्या माणसांनी. कोणत्याही दरडीत पहिली कुदळ मारतात ते शेजारच्या वाडीतले लोक; त्यांच्यामागून येतात ते दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघालेले स्थानिक गिर्यारोहक. आणि याच तालुक्यात आणखी एक गोष्ट घडलेली आहे, जिचा जमिनीच्या कोणत्याही जाहिरातीत उल्लेख सापडणार नाही. कोकणातला लाल विंचू चावला की एके काळी धडधाकट माणसे आणि विशेषतः मुले काही तासांत दगावत. 1970 च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्यांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून हृदयावर होणारा परिणाम टिपला, पुढच्या काळात रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले आणि जे मृत्यूचे प्रमाण 30-40 टक्क्यांच्या घरात होते ते 1 टक्क्याच्या आसपास आले. तालुक्याची माती तीच होती, पाऊस तोच होता, विंचूही तेच होते. राहण्याजोगेपणा बदलला तो सरकारी आरोग्यसेवेतल्या एका चिकाटीच्या डॉक्टरमुळे. ज्याला खरोखर संकटाची तयारी करायची आहे त्याने जागेपासून आरोग्य केंद्र किती किलोमीटर, एवढेच विचारून थांबू नये. तिथे डॉक्टर रात्री मुक्कामाला असतो का, सर्पदंशाची लस फ्रीजमध्ये आहे का, वीज गेल्यावर त्या फ्रीजचे काय होते आणि आशाताईंना पावसाळ्यात कोणत्या वाड्यांपर्यंत पोहोचता येत नाही, हे विचारावे. वर्षभराच्या धान्याचे डबे भरून ठेवलेल्या घरातही घोणस शिरू शकते.

इथे सर्वांत जोरकस प्रतिवाद येतो. तळियेला सरकार वेळेवर पोहोचले नाही हे तुम्हीच सांगता. मग व्यवस्थेवर विसंबण्यापेक्षा घरात साठा ठेवणे शहाणपणाचे नाही का? आहे. आठवड्याचे पाणी, महिन्याचे धान्य, औषधे, कंदील आणि शिडी प्रत्येक घरात असावी. त्याला माझा तिळमात्र विरोध नाही. पण साठा आठवडे निभावतो, मोठी संकटे वर्षे टिकतात, आणि तेव्हा काय वाचवते याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 1876 ते 1878 चा दुष्काळ आणि 1972-73 चा दुष्काळ हे दख्खनच्या बहुतांशी त्याच अवर्षणग्रस्त पट्ट्यावर आले. पहिल्यात दख्खन उजाड झाली. इंग्रज सरकारने दुष्काळी कामांवरची मजुरी अर्धपोटी ठेवण्याइतकी खाली आणली, मजूर कामे सोडून निघाले, आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले, तरी लाखो माणसे गेली. दुसऱ्यात पाऊस तितकाच रुसला, गुरे मेली, विहिरी आटल्या; पण 1973 च्या उन्हाळ्यात 50 लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो नावाचा जोंधळा खाऊन जगत होती. मजुरी उशिरा मिळे, कामे निकृष्ट होत, मिलोची चव आजही म्हाताऱ्यांच्या तोंडून जात नाही. तरीही माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगातून पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला. ज्या तालुक्यांत पहिल्या वेळी वाचवणारे कोणी नव्हते, त्याच तालुक्यांत शंभर वर्षांनी वाचवणारी व्यवस्था होती, आणि ते वाचवणारे धान्य तालुक्याबाहेरून, कित्येकदा देशाबाहेरून आले होते.

यावर कोणी म्हणेल की 1876 पर्यंत रोख शेतसारा आणि कापूस यांनी गावाची जुनी पेवे, म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठारे, आधीच रिकामी केली होती, खरे स्वयंपूर्ण गाव तेव्हा उरलेच नव्हते. या म्हणण्यात तथ्य आहे. पण पेवे भरलेली असण्याच्या काळातही, 1396 पासून सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात, इथली गावेच्या गावे ओस पडली. पेव एखादे वर्ष तारते. लोकांनी पिढ्यानपिढ्या नाव लक्षात ठेवले ते मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे, ज्यांनी राजाचे कोठार भुकेल्यांना उघडून दिले.

गावावर भाबडा विश्वास ठेवावा असे मात्र मी म्हणत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी गावाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि गाव हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे डबके आहे असे बजावले. ज्या महाडविषयी मी एवढे लिहिले, तिथेच 20 मार्च 1927 रोजी त्यांना हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले, कारण तळे नगरपालिकेने कागदावर सर्वांना खुले केले होते तरी प्रत्यक्षात ते बंद होते. तालुक्यात पाणी असणे आणि ते तुमच्या ओंजळीत येणे यांत किती अंतर असते, याचा याहून मोठा दाखला कोणता? म्हणूनच संकटाची तयारी पाहणाऱ्याने वस्तीतला पाण्याचा नळ कोणाच्या आळीत आहे आणि टँकर प्रथम कुठे थांबतो, हेही पाहिले पाहिजे. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये आपण गावाचे दुसरे रूप पाहिलेच. कित्येक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि दगड आडवे टाकले आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना, त्यांत स्वतःच्याच गावच्या लेकरांनाही, बाहेर अडवले. ज्यांचे तिथे बंगले होते आणि जे वर्षातून चार शनिवार-रविवारी येत, त्यांना तर कोणी ओळखही दाखवली नाही. मी त्या गावकऱ्यांना दोष देत नाही. आरोग्य केंद्र दूर आणि साथ अनोळखी होती. पण संकटाच्या दिवशी आपल्याला आत घेतले जाईल हे जो गृहीत धरतो, त्याने त्या फांद्या आठवाव्यात. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून वेस उघडत नाही.

सुरक्षित काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शोधण्याची ही पद्धत ज्या अमेरिकेतून आपल्याकडे आली आणि जिथे आपलीही अनेक मुले-मुली आज घर घेताना असाच विचार करतात, तिथलाच एक दाखला पुरेसा बोलका आहे. उत्तर कॅरोलायनातली बंकम काउंटी आणि तिच्यातले ॲशव्हिल शहर हे हवामानबदलाच्या काळात आसरा देणारे ठिकाण म्हणून गणले जाई. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, उंची, गार हवा, मुबलक पाणी. 27 सप्टेंबर 2024 ला हेलेन वादळाचा पाऊस त्या डोंगरांत कोसळला, 40 हून अधिक माणसे त्या एका काउंटीत गेली आणि ॲशव्हिलच्या नळांना पिण्याजोगे पाणी यायला 53 दिवस लागले. रस्ते तुटलेल्या दऱ्यांत सामान खेचरांच्या पाठीवरून पोहोचवावे लागले. खेचरे ज्यांच्याकडे होती ते, पाण्याची झरी ज्यांच्या आवारात होती ते, ट्रॅक्टर आणि करवत ज्यांच्याकडे होती ते एकमेकांच्या दारात गेले. कोणत्या घरात किती डबे होते यापेक्षा कोणती वाट कोणाला माहीत होती, हे त्या आठवड्यांत अधिक कामाचे ठरले.

ज्यांना जायचे आहे त्यांनी जावे. शहरातली गर्दी थोडी कमी होईल, गावातल्या शाळेच्या पटावर चार मुले वाढतील आणि शहाण्या माणसांचा उपयोग कुठेही होतो. फक्त साठेखत करण्यापूर्वी एक दिवस राखून ठेवावा. 1 मे रोजी ग्रामसभा असते. त्या दिवशी त्या गावात जावे, मागच्या सतरंजीवर बसावे आणि पाण्याचा विषय निघाला की कोण बोलते, कोणाला बोलू दिले जाते आणि दरडीखालच्या वाडीचे नाव कोणी काढते का, हे ऐकावे. सभा झाल्यावर विहिरीकडे चालत जावे. आणि तिथे कोणी बोअर किती फूट घेणार असे विचारले, तर त्या बाईसमोर उभे राहून सांगता येईल असे उत्तर आपल्याकडे आहे का, ते पाहावे.